पहिल्या दिवशी फक्त ऐकायचं

नागपूरला मुलाकडे राहायला आलो आणि माझा खांदा पार गेला. म्हणजे तो कुरखेड्यातच गेला होता, घरच्यांना इथं आल्यावर कळलं एवढंच. सुनेनं मला एका चकचकीत फिजिओथेरपी सेंटरमध्ये नेलं. काचेचं दार, आत गारेगार हवा, भिंतीवर पळणाऱ्या बाईचा मोठा फोटो. टेबलामागच्या मुलीनं एक छापील कागद पुढे केला. वर लिहिलेलं, नवीन रुग्णांसाठी सूचना, आणि खाली सहीची जागा. मी खिशातून चष्मा काढून वाचायला लागलो, तर म्हणते, काका, वाचायचं नाही, नुसती सही करा. केली बाप्पा सही. पाचव्या मिनिटाला खांद्यावर मशीन लागलं. मी डोळे मिटून पडून राहिलो. हल्ली मी कुठंही डोळे मिटून पडू शकतो. एकतीस वर्षं दवाखान्याच्या खिडकीत बसून पेशंटांच्या चिठ्ठ्या फाडल्या, बसून बसूनही माणूस किती थकतो ते मला विचारा.

आमच्या कुरखेड्याच्या फिजिओथेरपीवाल्या जुबेदा बाईंच्या हाती हा कागद पडला असता, तर त्याची पुडी करून त्यांनी फुटाणे खाल्ले असते.

कुरखेड्यात आमचा दवाखाना म्हणजे एका संस्थेचा, लहानसा. नोंदणीच्या खिडकीत मी. माझ्या पाठीमागे प्लायवूडची भिंत आणि भिंतीपलीकडे बाईंची खोली. पूर्वी तिथं मोडक्या खाटा ठेवत. बाई आल्या तेव्हा त्यांनीच खाटा बाहेर काढायला लावल्या, दोन टेबलं मागवली, भिंतीला एक चाक ठोकून घेतलं, खांदा फिरवायला. त्या प्लायवूडमधून पलीकडचा शब्द न् शब्द माझ्याकडे येत असे. ऐकायचं नाही म्हटलं तरी कान काही बंद करता येत नाहीत. दहाएक वर्षं मी बाईंचं पहिल्या दिवशीचं बोलणं रोज ऐकलं, दिवसातून तीनदा, चारदा. मला ते पाठ झालं होतं. झोपेत उठवून विचारलं असतं तरी म्हणून दाखवलं असतं.

बाई बल्लारपूरच्या. वडील करीमचाचा, गाद्या भरायचा पिढीजात धंदा. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं दुकान होतं. आई लहानपणीच गेलेली, भाऊ-बहीण कोणी नाही. दुकानात रुई उडत असे आणि त्या रुईतच बसून आपण अभ्यास केला, असं बाई सांगत. ठेंगण्या, जाड भिंगाचा चष्मा, ओढणी दोन्ही खांद्यांवर पिनांनी पक्की केलेली, वर पांढरा कोट. अंगठे मात्र पुरुषासारखे रुंद. रोजचे इतके सांधे दाबून दाबून ते तसे झाले होते, आणि थंडीत दुखायचेही. कोणी लग्नाचं काढलं, तर त्या म्हणायच्या की माझी इथं रोज चाळीस माणसं वाट पाहतात, घरी आणखी एक कशाला.

नवा पेशंट आला की पहिल्या दिवशी बाई त्याला हात लावत नसत. इथूनच भांडण सुरू व्हायचं. माणूस दोन बस बदलून आलेला, एक दिवसाची मजुरी बुडवलेली, आणि बाई सांगतात, "आज काई करणार नाई. आज फक्त ऐकायचं." लोक माझ्या खिडकीवर येऊन ओरडायचे, हात नाई लावला तर चिठ्ठी कायले फाडली. मी म्हणायचो, जा बाप्पा आत, ऐकून घे, माझं डोकं खाऊ नको.

मग प्लायवूडपलीकडून सुरू व्हायचं. आधीचे सगळे कागद आणा, एक्सरे आणा, ऑपरेशनचा कागद आणा, गोळ्यांची पाकिटं रिकामी असली तरी आणा. शुगर असली, बीपी असला, छातीत दुखत असलं तर लपवू नका, मी काई तुमच्या सोयऱ्यायले सांगायले जात नाई. उपाशी येऊ नका. हे सांगावंच लागे. दवाखान्यात जायचं म्हणजे रक्त काढतील, रक्त काढायचं म्हणजे उपाशी जायचं, अशी आमच्याकडे समजूत, आणि उपाशी माणूस तिसऱ्या उठाबशीला आडवा होई. दुखणं दोन जातीचं असतं, बाई सांगत. एक ओढल्यासारखं, ते सोसायचं. दुसरं चमकल्यासारखं, सुरी घुसल्यासारखं, ते झालं की थांबायचं आणि मले सांगायचं, मर्दानगी दाखवायची नाई. जिथं बधिर आहे तिथं गरम विटेनं शेकायचं नाई, कातडी जळली तरी कळणार नाई. माह्याकडे आठवड्यातून दोन दिवस, बाकीचे पाच दिवस तुम्हीच तुमचे डॉक्टर. घरी नाई केलं तर नाई केलं म्हणा, खोटं बोलू नका, माह्या बोटायले कळते.

मग सोबत आलेल्याची पाळी. बायको असो, मुलगा असो, सून असो, बाई त्याला उभं करत आणि सांगत, हात मागं. पेशंट उठेल, धडपडेल, त्याला घास घेता येणार नाही, सांडेल, तुमचा जीव तुटेल, तरी हात मागंच. पडायला लागला तर धरा, एरवी नाही. स्वतः बाईही तशाच उभ्या राहायच्या, दोन्ही हात पाठीमागे, उजव्या हातानं डावं मनगट पकडून. आमच्याकडच्या लोकांना हे अजिबात पटत नसे. आमच्याकडे आजारी माणूस म्हणजे घरातला पाहुणा. त्याला पाणीसुद्धा उठून घेऊ देत नाहीत. सासऱ्याचा हात अधू झाला आणि सून त्याला घास भरवते, याचं गावभर कौतुक होतं. बाई म्हणायच्या, असं भरवून भरवूनच त्याचा दुसराही हात जाईल.

शेवटी एक निळं कार्ड. त्यावर एकच ओळ लिहायची, बरं होऊन काय करायचं आहे. "बरं व्हायचं" असं लिहिलं तर बाई खोडायच्या. एकच काम सांगा म्हणायच्या. संडासला बसायचं. नमाजला गुडघे टेकायचे. लेकराला कडेवर घ्यायचं. एका म्हाताऱ्यानं लिहून घेतलं होतं, शेजाऱ्याच्या कुंपणावरून ओणवून भांडायचं. ते काम जमलं की कार्डावर लाल शाईनं "झालं" लिहून त्या ते परत देत. आणि त्याच्याही नंतर, सगळ्यात शेवटी, बाई सांगायच्या की यातलं काय परत येईल आणि काय येणार नाही. ज्याचं लगेच कळत नाही त्याला सांगत, आता कळत नाही, पण कळेल त्या दिवशी तोंडावर सांगीन. मी इतके डॉक्टर पाहिले, पण ही गोष्ट लोकांना सांगायला कोणाची जीभ वळताना पाहिली नाही.

कपड्यांचंही एक होतं. लुगड्यात गुडघा वाकत नाही आणि घट्ट पँटीत मांडी हलत नाही. म्हणून बाईंच्या कपाटात ढगळ पायजम्यांची चळत असे. त्या पायजम्यांचं कापड गादीचं, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं. करीमचाचा उरलेल्या तुकड्यांचे पायजमे शिवून बल्लारपूरहून पाठवायचे, जाड नाडीचे, दणकट. अख्ख्या तालुक्यातल्या बाया-माणसांनी ते घातले. बेंचवर चार माणसं पट्ट्यांचे पायजमे घालून बसली की लांबून चार गाद्याच उभ्या करून ठेवल्यासारख्या दिसत. मी हसायचो, बाई डोळे वटारायच्या.

दिवाकर नावाचा एक ट्रॅक्टरवाला होता, कोपराचं हाड मोडलेला. त्याला बाईंनी सांगितलं, रोज दहादा वाकवायचा, आठवड्यानं ये. आठव्या दिवशी सकाळी दवाखाना उघडायच्या आधी हा बेंचवर बसून घामाघूम, कोपर खालीवर करून राह्यला. मी विचारलं, काय चाललं रे. म्हणतो, "सात दिवसाचे बाकी हायेत बाबू. सत्तर करून टाकतो, मंग जातो आत." कोपर सुजून आंब्याएवढा झाला. मला वाटलं आता बाई याला सोडत नाहीत. पण बाईंनी बर्फ लावला आणि शांतपणे विचारलं की सात दिवसांचं जेवण पण आज सकाळीच जेवून आलास का. त्यानंतर हे वाक्यही पहिल्या दिवशीच्या बोलण्यात जमा झालं. माझं पाठांतर एका ओळीनं वाढलं.

आणि सगुणाबाई. जंगलाकडच्या गावची, धानाच्या बांधीत घसरून गुडघ्याची वाटी फुटलेली. ऑपरेशन झालं, पण गुडघा काटकोनाच्या पुढे वाकेना. कार्डावर तिनं सांगितलं, मोहफुलं वेचायची. आमच्याकडे मार्च-एप्रिलात मोह पडायला लागला की पहाटे सगळी गावं झाडांखाली उकिडवी बसलेली असतात. दवाखाना ओस पडतो, मी जांभया देत बसतो. सगुणाबाई आपल्या वाट्याच्या तीन झाडांबद्दल माहेराहून आणलेल्या दागिन्यांसारखं बोलायची. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, उकिडवं बसणं आता होणार नाही, यंदाही नाही आणि पुढंही नाही. अरे बाप्पा, किती रडली ती बाहेर बेंचवर. मला राग आला. म्हटलं एवढं तोंडावर कशाला बोलायचं, दोन महिने तरी आशेवर राहू द्यायचं ना बिचारीला. बाई बाहेर आल्या, तिच्याशेजारी बसल्या, डोळे पुसायला काही दिलं नाही. विचारत बसल्या की फुलं बसूनच वेचतात का, वाकून नाही का, सरकून नाही का, झाडून गोळा करतात का. अर्धा तास हेच. शेवटी सगुणाबाईच कंटाळून म्हणाली, "पाटावर बसून सरकत सरकत येचते मंग. पायच तर लांब राहीन."

बाईंनी सुताराकडून चार बोटं उंचीचा पाट करून घेतला, खाली गुळगुळीत. महिनाभर तिला खोलीत फरशीवर सरकायला लावलं. आणि मोह पडायला लागल्यावर एका रविवारी मला म्हणाल्या, ठेंगरीभाऊ, स्कूटर काढा. रविवारी पहाटे! मी शिव्या घालत गेलो. झाडाखाली सगुणाबाई पाय लांब सोडून पाटावर सरकत होती आणि टोपली भरत होती. तिची जाऊ सारखी पुढे यायची, दे मी वेचते म्हणायची. बाई झाडाला टेकून हात मागे बांधून उभ्या, त्या जावेला तेवढं म्हणत, हात मागं. टोपली अर्धी झाली तेव्हा बाईंनी पिशवीतून कार्ड काढलं, लाल पेन काढला. सगुणाबाईनं ओंजळभर फुलं त्यांच्या ओढणीत टाकली. येताना स्कूटरवर त्या वासानं माझं डोकं भणभणलं. पण खरं सांगतो, त्या दिवसानंतर बाई कोणाला "हे येणार नाही" म्हणाल्या की मला राग आला नाही.

मग चाचा आले.

करीमचाचांना दुकानातच लकवा झाला, उजव्या बाजूचा. गादीला टाके घालता घालता दाभण हातातून पडलं आणि ते उचलताच येईना. मोठ्या दवाखान्यातून सुटी झाल्यावर बाई त्यांना कुरखेड्याला घेऊन आल्या, स्वतःच्या राहत्या खोलीवर. तीन-चार महिन्यांत पाय आला. काठी टेकत चालायला लागले. उजवा हात मात्र तसाच. मांडीवर ठेवला की मांडीवर, घसरला की डाव्या हातानं उचलून पुन्हा मांडीवर. खिशात दुकानाची चावी असायची. हात आला की जातो, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. भाच्यानं दुकान चालवायला मागितलं तर नाही म्हणाले, म्हणे माझी जागा राखून ठेव, तिच्यावर बसू नको.

सकाळपासून ते बेंचवर पेशंटांत बसत. कोणाच्या अंगावरची चादर चिमटीत धरून सांगत, यात भेसळ आहे. कोण कुशीवर झोपतं, कोण पाठीवर, हे गादीतल्या खड्ड्यावरून कसं कळतं ते सांगत. लोकांना ते आवडायचे, मलाही. दार उघडंच असे, त्यामुळे बाईंचं पहिल्या दिवशीचं बोलणं आता माझ्यासारखंच त्यांनाही रोज ऐकू येई.

आणि इथं बाई चुकल्या. दहा वर्षांत मी त्यांना चुकताना पाहिलं नव्हतं. त्यांनी चाचांची चिठ्ठी फाडू दिली नाही, घरच्या माणसाची कायची चिठ्ठी म्हणाल्या. पहिला दिवस केला नाही. कार्ड केलं नाही. सगळे पेशंट संपले की तासभर त्या वडिलांचा हात हातात घेऊन बसायच्या, बोटं उघडायच्या, मिटायच्या, आणि घरच्या हिंदीत विचारायच्या, आज थोडं जास्त हललं ना, अब्बा? मला तर काही हललेलं दिसत नसे. चाचा खिडकीबाहेर पाहत राहायचे. त्यांच्या शर्टाची बटणं बाई लावायच्या. ताटात भात कालवून द्यायच्या. नाडा बांधायच्या. हात मागे ठेवणारी बाई हीच का, असं मला रोज वाटायचं. तिकडे दिवसभर दुसऱ्यांना तोंडावर खरं सांगायच्या आणि संध्याकाळी वडिलांना म्हणायच्या, येईल, अब्बा, येईल.

एकदा राहवलं नाही. विचारलं, बाई, चाचांना सांगितलं का. त्या फाडकन म्हणाल्या, तुम्ही चिठ्ठ्या फाडा ठेंगरीभाऊ. मी गेलो चिठ्ठ्या फाडायला. नंतर चहाचा ग्लास घेऊन त्या माझ्या खिडकीच्या पायरीवर येऊन बसल्या. खूप थकलेल्या दिसत होत्या. अंगठा चोळत म्हणाल्या, "सगळ्यायले सांगते मी. या एकाच माणसाले नाई सांगता येत. त्या हाताकडे पाहत मी मोठी झाली. हात गेला म्हणून सांगितलं तर तो चावी टाकून देईन, अन् मंग जगन कायच्यासाठी?" मी म्हटलं, चहा थंड होतोय.

असे नऊ महिने गेले.

एका सोमवारी सकाळी रांगेत चाचा. मला वाटलं गंमत करून राह्यले. त्यांच्या पायात पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा होता, त्यांनीच कधीतरी शिवून पाठवलेला. नाडा वेडावाकडा बांधलेला होता, म्हणजे स्वतः बांधला होता. खिडकीवर डावा हात ठेवून म्हणाले, चिठ्ठी फाडा, नवीन पेशंट. मी म्हटलं, चाचा, बाई माझा जीव घेतील. ते म्हणाले, "सगळ्यायले सांगते ती. मी बेंचवर बसून ऐकून राह्यलो नऊ महिने. मलेच तेवढं सांगत नाई. लिहा. करीम. वय अडुसष्ट. धंदा गाद्यायचा." मी लिहिलं. चौथा नंबर आला. ते बेंचवर जाऊन आपल्या नंबरची वाट पाहत बसले, मांडीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर उजवा हात.

चौथा नंबर पुकारला गेला. चाचा काठी टेकत आत गेले. बाईंनी हिंदीत विचारलं, अब्बा, हे काय चाललं आहे. चाचांनी मराठीत उत्तर दिलं. घरात ती दोघं मराठी कधीच बोलत नसत, ती गिऱ्हाइकांशी बोलायची भाषा. "बाई," ते म्हणाले, "मी पहिल्यांदाच आलो. मले काई माईत नाई. नव्या माणसाले तुम्ही सांगता ते मले सांगा."

माझ्यापुढे रांग होती, मी पेन खाली ठेवला. रांगेतल्या एकानं काही विचारलं, त्याला मी हातानंच थांब म्हटलं. मग प्लायवूडपलीकडून बाईंचा आवाज आला, नेहमीचाच, थोडा बारीक. आज काई करणार नाई. आज फक्त ऐकायचं. कागद आणा. उपाशी येऊ नका. दुखणं दोन जातीचं असतं. सात दिवसांचं जेवण एका सकाळी जेवता येत नाही. मी मनातल्या मनात एकेक ओळ त्यांच्या पुढे पुढे म्हणत होतो, मध्ये कुठं थांबल्या तर आपणच भिंतीपलीकडून सांगावं असं वाटत होतं. घरच्यांपाशी आल्या आणि अडकल्या. मग म्हणाल्या, घरच्यांनी हात मागं बांधायचे.

"घरी एक पोरगी हाये," चाचा म्हणाले. "ती ऐकत नाई. तिले सांगा."

"सांगते तिले," बाई म्हणाल्या.

मग निळं कार्ड. एकच काम सांगा. चाचा म्हणाले, गादीले टाका घालायचा. बाईंनी विचारलं, कोणत्या हातानं. चाचा म्हणाले, ते मी कसं सांगू, काय येणार नाई ते तर शेवटी तुम्ही सांगता. मला वाटलं बाई उठून बाहेर येतील. त्या आल्या नाहीत. त्यांनी सांगितलं. सगुणाबाईला सांगितलं होतं तसंच सांगितलं, सरळ. "उजव्या हाताची बोटं आता येणार नाईत. दंडात थोडा जोर हाये, दाबून धरायच्या कामाचा. पण बोटं नाई. मी रोज पाहते. येणार नाईत, अब्बा."

चाचांचं उत्तर मला अजून ऐकू येतं. ते म्हणाले, "मले माईतच होतं. तुले माईत हाये का, तेवढं पाहून राह्यलो होतो."

बाई रडल्या. दहा वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीतून पेशंटाऐवजी बाईंचं रडणं ऐकलं, आणि मला माझाच राग आला की मी इथं बसून ऐकतो आहे. उठून बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं. परत आलो तेव्हा चाचा बाहेर बेंचवर बसले होते. हातात कार्ड. त्यावर लिहिलं होतं, गादीला टाका घालायचा, डाव्या हातानं.

त्यानंतरचे दोन-अडीच महिने खोलीच्या कोपऱ्यात रुई आणि गादीचं कापड पडलेलं असायचं. बल्लारपूरहून भाच्यानं दाभणं आणून दिली. चाचा उजवा कोपर गादीवर वजनासारखा रोवायचे आणि डाव्या हातानं दाभण घालायचे. टाके कुठल्या कुठं जायचे. बोटाला टोचायचं, रक्त यायचं, ते हिंदीत शिव्या द्यायचे, पेशंट हसायचे. बाई दुसऱ्याचा गुडघा वाकवत असायच्या. मान वळायची त्यांची त्या कोपऱ्याकडे, पण त्या जागच्या हलायच्या नाहीत. दाभणात दोरा ओवायला चाचांना एकेकदा पाव तास लागे. तो पाव तास पाहणं म्हणजे शिक्षा होती. मला बघवायचं नाही, मी खिडकीत तोंड घालून बसायचो. शेवटी बाईंच्या टेबलावर घालायची एक लहान गादी पुरी झाली, एका बाजूनं जाड, एका बाजूनं पातळ. बाईंनी ती उलटसुलट करून पाहिली, लाल पेन घेतला आणि कार्डावर "झालं" लिहिलं. चाचांनी कार्ड चावीच्या खिशात ठेवलं आणि म्हणाले, मी आता जातो घरी.

ते निघाले तो दिवस माझाही कामाचा शेवटचाच होता. साठलेल्या सुट्ट्या लावून दुसऱ्या दिवसापासून मी घरी बसणार होतो. मला दवाखान्यात हार घातला, दोन भाषणं झाली, बाईंनी भाषण केलं नाही. माझ्याकडे पाहून एवढंच म्हणाल्या, तो खांदा घेऊन या एकदा, तुम्हाला पहिला दिवस सांगावा लागणार नाही. मग आम्ही तिघं बसस्टँडवर गेलो. चाचा एकटेच जाणार होते. वडशाला भाचा उतरवून घेणार आणि तिथून गाडीनं बल्लारपूर. बाईंनी सोबत येते असं एकदाही म्हटलं नाही. रात्रभर म्हणाल्या असतील तर मला माहीत नाही.

बस लागली. पहिली पायरी उंच असते, धडधाकट माणसालाही जड जाते. चाचांनी काठी काखेत दाबली, डाव्या हातानं दांडी धरली, डावा पाय वर टाकला, आणि अडकले. उजवा पाय येईना. कंडक्टरनं वरून हात पुढे केला. बाई म्हणाल्या, थांबा. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मागचे लोक कुरकुरायला लागले, कोणी म्हणालं, अरे बाप्पा, म्हाताऱ्याले धरा ना कोणी. माझा हात आपोआप पुढे गेला, तोच दुखरा. बाईंनी माझ्याकडे न बघता म्हटलं, "ठेंगरीभाऊ, हात."

मी हात मागे घेतला. चाचा दोनदा मागे झुकले, तिसऱ्यांदा पाय वर आला. मग दुसरी पायरी, मग तिसरी. खिडकीशी बसून त्यांनी आधी खिसा चाचपून चावी पाहिली, मग आमच्याकडे. बस हलली, वडशाच्या रस्त्याला वळली.

मला घरी बरीच आवराआवर होती, मी बाईंना येतो म्हटलं. त्यांनी मान हलवली. कोपऱ्यावरच्या पानठेल्याशी येऊन मी मागे वळून पाहिलं. बस दिसेनाशी झाली होती, धूळही बसली होती. बाई तिथंच उभ्या होत्या, माझ्याकडे पाठ करून, आणि त्यांचे दोन्ही हात अजून मागे होते, उजव्या हातानं डावं मनगट घट्ट धरलेलं.